अॅक्विझिशन विंगमध्ये नवे आहात? फाइल मागच्या पानापासून वाचा

जिल्हा सांभाळला, राज्यात एकदोन खाती पाहिली, दिल्लीत एखाद्या शांत मंत्रालयात बस्तान बसलं आणि अचानक बदलीचा आदेश हातात पडला: संरक्षण मंत्रालय, सहसचिव व अॅक्विझिशन मॅनेजर. अभिनंदनाचे फोन येतात. कुणी गमतीने म्हणतं, "आता काय बाबा, रणगाडे विकत घेणार!" पहिल्या सोमवारी टेबलावर फाइलींचा ढीग असतो आणि पहिल्याच पानावर बारा लघुरूपं. त्यातलं एकही ओळखीचं नसतं.

मी या विंगच्या, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या खरेदी शाखेच्या, फायनान्सच्या बाजूला बरीच वर्षं काढली. नवीन आलेले हुशार अधिकारी कुठे अडखळतात हे जवळून पाहिलं. हुशारी कमी पडते म्हणून ते अडखळत नाहीत. फाइल पुढून वाचतात म्हणून अडखळतात. पुढून वाचली की दिसतं फक्त यंत्र आणि त्याची किंमत. ते यंत्र सातव्या हिवाळ्यात चालू राहील का, हे मागच्या परिशिष्टात दडलेलं असतं.

आधी आपली खुर्ची ओळखा

1999 च्या कारगिल युद्धानंतर मंत्रिगटाने अहवाल दिला आणि 2001 मध्ये संरक्षण खरेदीची घडी नव्याने बसवली गेली. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली डीएसी, म्हणजे संरक्षण अधिग्रहण परिषद, आली. तिचे निर्णय तडीस नेण्यासाठी अॅक्विझिशन विंग आली. विंगच्या शिरावर महासंचालक (अधिग्रहण) हे ज्येष्ठ मुलकी अधिकारी. त्यांच्या हाताखाली भूदल, नौदल आणि हवाई दल अशा वाटण्या.

प्रत्येक वाटणीत तीन माणसं एकत्र बसतात: अॅक्विझिशन मॅनेजर म्हणजे तुम्ही, टेक्निकल मॅनेजर म्हणजे गणवेशातला अधिकारी, आणि फायनान्स मॅनेजर. यातला कुणीही दुसऱ्याचा हाताखालचा नाही. जिल्ह्यातून आलेल्याला हे पचायला वेळ लागतो. तिथे तुम्ही सही केली की काम सुरू व्हायचं. इथे तुमची सही म्हणजे तीन सह्यांपैकी एक, आणि तिच्यावरही परिषदेपासून मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीपर्यंत मजले आहेत. संरक्षणमंत्र्यांचे अधिकार 2,000 कोटी रुपयांपर्यंत, 3,000 कोटींपर्यंत अर्थमंत्र्यांचीही मान्यता, आणि त्यापुढचं सगळं सुरक्षाविषयक समितीकडे.

कोणती रायफल चांगली हे तुम्ही ठरवायचं नसतं. ते सैन्य ठरवतं. तुम्ही पाहायचं ते असं: गरज नेमक्या शब्दांत मांडली आहे का, स्पर्धा खरी आहे का, पैसा आहे का, आणि उद्या संसदेत किंवा कोर्टात हा निर्णय उभा राहील का. ही रेघ पहिल्या आठवड्यात मनाशी पक्की करा. ती ओलांडणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक, यूट्यूबवर शस्त्रांचे व्हिडिओ पाहून ब्रिगेडियरला तोफेबद्दल सांगणारे. दुसरे, "सैन्य मागतंय ना, मग द्या" म्हणून सही करणारे. दुसऱ्या प्रकारचे जास्त महागात पडतात.

पैसा कोणत्या खिशातला

संरक्षणात दोन खिसे आहेत, भांडवली आणि महसुली. भांडवली खरेदीचं मुख्य लेखाशीर्ष 4076. महसुली खर्च भूदलासाठी 2076, नौदलासाठी 2077, हवाई दलासाठी 2078. हे आकडे तोंडपाठ करा. बैठकीत लोक "चाळीस-शहात्तरमधून" असंच बोलतात.

दोन्ही खिशांची नियमपुस्तकं वेगळी. भांडवली खरेदीसाठी डीपीपी, म्हणजे संरक्षण खरेदी प्रक्रिया, पहिल्यांदा 2002 मध्ये आली, मग सुधारत सुधारत तिची जागा 1 ऑक्टोबर 2020 पासून डीएपी 2020, म्हणजे संरक्षण अधिग्रहण प्रक्रिया, हिने घेतली. महसुली खरेदीसाठी 2009 चं डीपीएम, म्हणजे संरक्षण खरेदीचं नियमपुस्तक, बरीच वर्षं चाललं, आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून डीपीएम 2025 लागू झालं. दुरुस्त्या सतत येतात. म्हणून टेबलावरची प्रत कोणत्या दुरुस्तीपर्यंतची आहे, हे कव्हरवर पेन्सिलने लिहून ठेवा. जुनी प्रत पाहून लिहिलेली टिपणी फायनान्सवाले पाच मिनिटांत परत पाठवतात. मीच अशा कितीतरी परत पाठवल्या आहेत.

आता खरी मेख. 2020 च्या सुरुवातीला सीडीएस, म्हणजे संरक्षण दल प्रमुख, हे पद आलं आणि त्यासोबत सैन्य व्यवहार विभाग, म्हणजे डीएमए. सैन्यदलांची महसुली खरेदी त्या बाजूला गेली, भांडवली खरेदी संरक्षण विभागात, म्हणजे तुमच्याकडे राहिली. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. प्रत्यक्षात ट्रक तुमच्या फाइलवर येतो आणि त्याचे टायर दुसऱ्याच्या. तोफ तुम्ही घेता, पुढची वीस वर्षं तिचे गोळे आणि दुरुस्ती कुणाच्या तरी महसुली बजेटातून भागते. तोफ घेताना त्या "कुणाला तरी" कुणी विचारलेलं नसतं. नवीन माणसाने सर्वांत आधी हा पूल बांधायचा असतो.

फाइल मागून वाचायची म्हणजे काय

फाइल आली की शेवटची परिशिष्टं उघडा आणि पाच उत्तरं शोधा. एमआरएलएस, म्हणजे उत्पादकाने सुचवलेल्या सुट्या भागांची यादी, किती वर्षांसाठी आहे? दुरुस्तीचं कोणतं काम युनिटमध्ये होणार, कोणतं वर्कशॉपमध्ये आणि कोणतं परत कारखान्यात? वस्तू कुठे ठेवणार, त्या जागेला छप्पर आणि तापमानाचं नियंत्रण आहे का? तिथवर जाणार कशी: रेल्वे, ट्रक, खेचर की हेलिकॉप्टर? आणि उत्पादक उद्या बंद पडला किंवा त्याच्याशी व्यवहार थांबवावा लागला तर रेखाचित्रं कुणाच्या कपाटात असतील?

शेवटचा प्रश्न अतिरेकी वाटेल. पण 1986 च्या 410 बोफोर्स तोफांची गोष्ट आठवा. तोफ उत्तम होती, कारगिलमध्ये तिने ते दाखवून दिलं. पण करारानंतरच्या वादळात कंपनीशी व्यवहार थांबला, सुट्या भागांची आबाळ झाली आणि काही तोफांचे भाग काढून दुसऱ्या तोफा चालू ठेवायची पाळी आली. नवी तोफ घ्यायला पुढची जवळजवळ तीस वर्षं कुणी धजावलं नाही. 145 हलक्या तोफांचा करार थेट नोव्हेंबर 2016 मध्ये झाला. गंमत अशी की मूळ करारातून मिळालेले तंत्रज्ञानाचे कागद आपल्याच कारखान्यांत पडून होते. त्यांच्याच आधारे पुढे जबलपूरला 'धनुष' तोफ उभी राहिली. कागद होते म्हणून ती उभी राहू शकली.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, उंचावरच्या चौक्यांसाठी जनरेटर घ्यायचे आहेत. एकाची किंमत 8 लाख, दुसऱ्याची 9.5 लाख. पहिला तासाला 6 लिटर डिझेल पितो, दुसरा 5. वर्षाला 4,000 तास चालवायचे. म्हणजे स्वस्त जनरेटर वर्षाला 4,000 लिटर जास्त पिणार. डिझेल 90 रुपयांनी धरलं तरी 3 लाख 60 हजार, म्हणजे पाच महिन्यांत किमतीतला फरक वसूल. आणि हा झाला खालच्या पंपावरचा हिशेब. हे 4,000 लिटर म्हणजे 20 लिटरचे 200 जेरीकॅन दरवर्षी, प्रत्येक जनरेटरमागे, वर चढवायचे. शेवटचा टप्पा माणसाच्या किंवा खेचराच्या पाठीवरून.

पण निविदा उघडल्यावर हा हिशेब मांडून काही उपयोग नाही. इंधनाचा खर्च तुलनेत धरला जाईल असं आरएफपीमध्ये, म्हणजे विक्रेत्यांकडून प्रस्ताव मागवणाऱ्या निविदेत, आधीच लिहिलेलं नसेल, तर एल-1, म्हणजे सर्वांत कमी बोली, 8 लाखांचीच. डीएपीमध्ये आयुर्मानाचा खर्च धरून तुलना करण्याची सोय आहे. ती वापरायची की नाही हे मसुदा लिहितानाच ठरवावं लागतं. परिशिष्ट आधी वाचायचं ते यासाठी.

क्यूआर: इथेच निम्मी लढाई

सैन्याला काय हवं याचा मजकूर म्हणजे क्यूआर. भूदलाच्या भाषेत जीएसक्यूआर. तो लिहिण्याचा अधिकार सैन्याचा, पण वाचण्याचं कर्तव्य तुमचंही आहे. बाजारात काय मिळतं ते कळावं म्हणून आधी आरएफआय, म्हणजे उत्पादकांकडून माहिती मागवणारं पत्र, काढतात. त्याला आलेली उत्तरं आणि क्यूआर शेजारी ठेवून वाचा. जगातल्या चार उत्पादकांच्या माहितीपत्रकांतली सगळ्यांत चांगली वैशिष्ट्यं एकत्र उचलली असतील, तर तसं यंत्र कुणाकडेच नसतं.

हे काल्पनिक नाही. 2011 मध्ये भूदलाने अशी रायफल मागितली होती की नळी बदलली की ती दोन वेगवेगळ्या कॅलिबरच्या गोळ्या झाडेल. कल्पना देखणी. चाचण्या झाल्या, कुणी उतरेना, आणि 2015 मध्ये निविदा रद्द. चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत जवानाच्या हातात जुनीच रायफल होती, हे नोटिंगमध्ये कुठे येत नाही.

अट फार कडक असली की एकच विक्रेता उरतो, आणि मग ती सैल करण्याचा मोह होतो. सैल करा, हरकत नाही, पण कारण त्याच दिवशी, त्याच फाइलवर लिहा. अतिविशिष्ट व्यक्तींसाठीच्या 12 हेलिकॉप्टरांचं प्रकरण या बाबतीत प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने वाचावं. आधी 6,000 मीटर उंचीची अट होती, ती 4,500 मीटरवर आली, केबिनच्या उंचीची 1.8 मीटरची अट घातली गेली. करार फेब्रुवारी 2010 मध्ये झाला, 1 जानेवारी 2014 रोजी रद्द झाला, आणि मधल्या काळात कॅगच्या अहवालात हेच आकडे प्रश्न म्हणून उभे राहिले. अट बदलणं गैर नसतं. पण ती कुणी, कधी आणि का बदलली हे दहा वर्षांनी कागदावरून समजलं पाहिजे, कारण तेव्हा तुम्ही त्या खोलीत नसाल.

टेक्निकल मॅनेजरला एकच प्रश्न विचारायची सवय लावा: "ही अट काढली तर जवानाचं नेमकं काय अडेल?" उत्तर एका वाक्यात आलं तर अट ठेवा. उत्तरासाठी प्रेझेंटेशन लागणार असेल तर पुन्हा बसा.

एओएन, वर्ग आणि आरएफपी

क्यूआर पक्का झाला की प्रस्ताव एओएनसाठी जातो. एओएन म्हणजे "हे हवं आहे" याला मिळालेली अधिकृत मान्यता. पैसे मंजूर झाले असा तिचा अर्थ नाही. वर्तमानपत्रांत "इतक्या हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी" अशी बातमी येते ती बहुतेक वेळा एओएनची. दुसऱ्या दिवशी नातेवाईक विचारतात, विमानं कधी येणार? हसून विषय बदलावा. एओएनला मुदत असते, आणि तेवढ्यात आरएफपी निघाला नाही तर मान्यता गळून पडते. तेव्हा डायरीत मान्यतेची तारीख नको, ती संपायची तारीख लिहा.

इथेच खरेदीचा वर्ग ठरतो. पहिली पसंती देशातच आरेखन, विकास आणि उत्पादन झालेल्या वस्तूला, म्हणजे आयडीडीएम वर्गाला. त्यात किमान 50 टक्के भाग देशी हवा. मग उतरत्या क्रमाने बाकीचे वर्ग, आणि सगळ्यांत शेवटी थेट जागतिक खरेदी. ऑगस्ट 2020 पासून आयात न करण्याच्या वस्तूंच्या याद्याही निघाल्या, पहिल्या यादीत 101 वस्तू होत्या. 2025-26 च्या अर्थसंकल्पात आधुनिकीकरणासाठी ठेवलेल्या 1.48 लाख कोटींपैकी सुमारे 1.11 लाख कोटी देशी उद्योगासाठी राखले गेले. म्हणजे देशी पर्याय वगळायचा असेल तर वजनदार कारण लागतं. पण "देशी" या शब्दाने हुरळूनही जाऊ नका. इंजिन कुठलं, सेन्सर कुठला, आणि त्याच्या निर्यातीची परवानगी कुठल्या देशाच्या हातात, हे विचारा. बाहेरचं कवच आपलं आणि काळीज परक्याचं असेल तर सुटे भाग परदेशी बोटीनेच येणार.

आरएफपीच्या मसुद्यावर मात्र जीव तोडा. पुढचे सगळे वाद त्यातल्या एखाद्या ढिल्या वाक्यातून उगवतात. 2007 मध्ये 126 लढाऊ विमानांसाठी आरएफपी निघाला. चाचण्या झाल्या आणि जानेवारी 2012 मध्ये सर्वांत कमी बोलीचं विमान ठरलं. मग तीन वर्षं वाटाघाटी अडल्या त्या प्रामुख्याने दोन मुद्द्यांवर: भारतात बनणाऱ्या विमानांची हमी कोण देणार, आणि ती बनवायला लागणारे मनुष्यतास कसे मोजायचे. 2015 मध्ये ती प्रक्रियाच गुंडाळली. जबाबदारी कुणाची, हा प्रश्न एल-1 जाहीर झाल्यावर सोडवायचा नसतो.

चाचण्यांना ऋतू असतात

तांत्रिक मूल्यमापन कागदावर होतं, पण मैदानी चाचण्या वाळवंटात आणि हिमशिखरांवर होतात. विक्रेता स्वतःच्या खर्चाने यंत्र आणतो, सैन्य ते वापरून पाहतं. गुणवत्ता हमीवाले वेगळं तपासतात, देखभालीची सोय वेगळी तपासली जाते.

मुलकी अधिकाऱ्याला इथे काम फारसं नाही असं वाटतं. आहे, आणि ते कॅलेंडरचं आहे. राजस्थानातली चाचणी मे-जूनमध्येच व्हायला हवी, कारण ऑक्टोबरच्या उन्हात यंत्र तापत नाही. बर्फातली चाचणी जानेवारीत. विक्रेत्याच्या कस्टम्सच्या कागदामुळे यंत्र जुलैमध्ये बंदरात उतरलं की एक वर्ष गेलं. आमच्याकडे एका खरेदीत असंच झालं होतं: आयात परवान्याच्या पत्रावर यंत्राचा अनुक्रमांक एका आकड्याने चुकला, पत्र दुरुस्त व्हायला सात आठवडे लागले, आणि उन्हाळा निघून गेला. त्या सात आठवड्यांत फाइल कुणीच "अडवली" नव्हती. ती रांगेत होती, एवढंच. तेव्हापासून मी चाचणीच्या तारखेपासून उलटे दिवस मोजून प्रत्येक परवानगीची शेवटची तारीख लिहून काढायचो.

किंमत उघडण्याआधी आपली किंमत लिहा

व्यापारी वाटाघाटी करणाऱ्या समितीला सीएनसी म्हणतात. तिचे अध्यक्ष बहुतेक वेळा तुम्हीच. नवख्याला वाटतं की इथे घासाघीस करायची. कौशल्य मात्र त्याआधीच्या बंद दाराआडच्या बैठकीत लागतं. बोलीचं पाकीट उघडण्यापूर्वी समितीने स्वतःची वाजवी किंमत, म्हणजे बेंचमार्क, ठरवून लिहायची असते. जुने करार, कच्च्या मालाचे दर, विनिमय दर, त्याच यंत्राला दुसऱ्या देशाने दिलेली किंमत, हे सगळं घालून. एकदा पाकीट उघडलं की डोळे त्या आकड्याला चिकटतात आणि मग प्रत्येक हिशेब त्याच्याच आसपास येऊन थांबतो.

बोली बेंचमार्कच्या आत असेल तर आणखी ओढत बसू नका. बाहेर असेल तर आधी बेंचमार्क तपासा. फायनान्सवाले कधीकधी पाच वर्षांपूर्वीच्या कराराला ठराविक टक्के लावून मोकळे होतात, आणि मधल्या काळात टायटॅनियम कुठल्या कुठे गेलेलं असतं. हे मी माझ्याच जातभाईंबद्दल बोलतोय.

परदेशी खरेदी असेल तर ऑफसेटचा प्रश्न येतो. डॉ. विजय केळकर समितीने 2005 मध्ये ही कल्पना रेटली: परदेशी विक्रेत्याने कराराचा काही हिस्सा भारतात गुंतवावा. आज 2,000 कोटींपासून पुढे 30 टक्के असा नियम आहे, मात्र दोन सरकारांमधले करार आणि एकाच विक्रेत्याकडून होणारी खरेदी 2020 पासून वगळली आहे. ऑफसेट फुकट मिळत नाही. विक्रेता त्याचा खर्च किमतीत घालतोच, फक्त तो दाखवत नाही.

31 मार्च

भांडवली तरतुदीचा मोठा भाग आधीच्या करारांच्या हप्त्यांत जातो. नव्या करारांना उरतं ते उरलेलं. समजा, तुमचा करार 600 कोटींचा आहे आणि 15 टक्के आगाऊ द्यायचे आहेत. तर या वर्षी 90 कोटी लागतील, 600 नाही. पण सही 20 मार्चला झाली आणि विक्रेत्याची बँक हमी 3 एप्रिलला पोचली, तर ते 90 कोटी या वर्षी परत गेले आणि पुढच्या वर्षीच्या बजेटवर बसले. डिसेंबरमध्येच एक कागद घ्या. कोणत्या करारात कोणता हप्ता, कोणत्या कागदावर अडला आहे आणि तो कागद कुणाकडे आहे, एवढं लिहा. हा तक्ता दर सोमवारी स्वतः पाहा, कनिष्ठाकडे सोपवू नका. मार्चमध्ये बाकीच्यांची धावपळ सुरू होते तेव्हा तुम्ही बऱ्यापैकी शांत असाल.

करार झाला, आता काम सुरू

सह्या झाल्या, फोटो निघाले, आणि फाइल विसरली गेली. विंगची ही जुनी खोड. माल पाठवण्याआधीची तपासणी, पोचल्यावरची संयुक्त तपासणी, बिल, दंड, वॉरंटी या सगळ्यात वर्षानुवर्षं जातात. उशिराच्या दंडाची वरची मर्यादा साधारण 10 टक्के. डीपीएम 2025 ने देशी विकासाच्या कामात आठवड्याला 0.1 टक्के इतका सौम्य दर आणला, कारण पहिल्यांदाच काहीतरी बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला जुन्या दराने दंड लावला की तो पुन्हा फिरकत नाही.

या खुर्चीतून वर्षातून दोनदा तरी उठा. एकदा लडाखच्या वाटेवर जा, उन्हाळ्याच्या शेवटी. हिवाळ्यासाठीचा साठा वर चढत असतो: रॉकेल, रेशन, शेगड्या, थंडीचे कपडे, गोळाबारूद. झोजी ला पूर्वी कित्येक महिने बंद असायचा. सीमा रस्ते संघटनेने तो काळ इतका कमी केला की 2025 मध्ये खिंड 32 दिवसांतच उघडली. 2020 मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीच्या बाजूनेही श्वास घ्यायला जागा मिळाली. तरी शेवटच्या चौकीचं गणित बदललेलं नाही. तिथे हेलिकॉप्टर मोजकंच वजन नेऊ शकतं, आणि तुमच्या फाइलवरचं "वजन: 42 किलो, पॅकिंगसह" हे वाक्य तिथे अचानक बोलू लागतं. पेटी दोन माणसांना उचलता येत नाही, कारण कडी बाजूला नसून वर आहे. हे कोणत्याही क्यूआरमध्ये लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा एखाद्या डेपोत जा. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचा दारूगोळा डेपो हा देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. 31 मे 2016 च्या पहाटे तिथे आग लागली आणि दोन अधिकाऱ्यांसह अनेक जण गेले. दारूगोळा म्हणजे फक्त नग नव्हेत. त्याला वय असतं, ते संपतं, आणि संपलेला माल नष्ट करायलाही जागा, माणसं आणि पैसा लागतो. नवा दारूगोळा घेण्याची फाइल आली की जुना कुठे जाणार हे विचारा. उत्तर बहुधा "प्रक्रिया सुरू आहे" असं येईल. मग ती प्रक्रिया कुठवर आली, तारखेसकट मागवा.

तातडीच्या खरेदीबद्दल एक शब्द. जुलै 2020 मध्ये सैन्यदलांना 300 कोटींपर्यंतच्या तातडीच्या भांडवली खरेदीचे अधिकार मिळाले. चांगली सोय आहे, वेळेला उपयोगी पडली. पण घाईने आलेल्या वस्तूसोबत सुटे भागही घाईनेच येतात, म्हणजे कमी येतात. त्या यादीवर दोन वर्षांनी नजर टाका. सुट्या भागांअभावी काय बंद पडून उभं आहे ते दिसेल.

भेटायला येणारे लोक

विक्रेते भेटायला येणारच. टाळू नका, बाजार कळायचा तोच एक मार्ग आहे. फक्त एकटे भेटू नका. कार्यालयातच भेटा, टेक्निकल किंवा फायनान्समधलं कुणीतरी सोबत ठेवा, आणि त्याच संध्याकाळी चार ओळींचं टिपण फाइलवर लावा. आरएफपी निघाल्यानंतर एकाला दिलेलं उत्तर सगळ्या बोलीदारांना लेखी गेलं पाहिजे. जुने सहकारी, निवृत्त अधिकारी, बॅचमेट हे कधीकधी कंपनीचं कार्ड घेऊन येतात. चहा द्या, घरच्यांची चौकशी करा, आणि टिपण त्यांच्या भेटीचंही लावा. रागावले तर रागावू द्या.

नोटिंगमध्ये "चर्चा केली" एवढंच लिहू नका. कशावर, काय ठरलं आणि कोण असहमत होतं, हे लिहा. असहमती लिहिली म्हणून फाइल कमकुवत होत नाही. ऑडिटवाल्याला ती सापडली की उलट त्याचा विश्वास वाढतो. आणि "कृपया बोलावे" ही टिपणी वापरण्याआधी दोनदा विचार करा. ती फाइल आठवडाभर परत येत नाही आणि नंतर कुणी विचारलं तर कोण कुणाशी काय बोललं हे कुणालाच आठवत नाही.

सैन्याच्या बाजूचा कर्नल तुमच्यासमोर कधीतरी चिडेल. "साहेब, बाबूंनी फाइल अडवली" हे वाक्य त्याने वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं. त्याला नियम सांगत बसू नका. फाइल आत्ता नेमकी कुठे आहे, कोणत्या ओळीवर अडली आहे आणि ती ओळ त्यानेच तीन दिवसांत दुरुस्त केली तर पुढे कुठे जाईल, एवढं सांगा. निम्मी चीड तिथेच उतरते. उरलेली निम्मी रास्त असते, ती ऐकून घ्या.

बदलीचा आदेश पुन्हा येईल, साधारण तुम्हाला सगळी लघुरूपं पाठ झाली की लगेच. जाताना पुढच्या माणसासाठी पाच करारांचा एक कागद ठेवा. प्रत्येकासमोर तीन रकाने: काय अडलंय, कुणाला माहीत आहे, आणि सुट्या भागांची यादी फाइलच्या कोणत्या पानावर आहे.